विषयाचा फॉर्म कोण भरतो?

मुलाचे नाव कॉलेजात लागले की आपल्या वस्तीतले आई-बाप निश्चिंत होतात. जातीचा दाखला झाला, उत्पन्नाचा दाखला झाला, शिष्यवृत्तीचा अर्ज ऑनलाईन गेला, आता पोरगं मार्गाला लागलं, असे त्यांना वाटते. त्यांना आम्ही दोष देणार नाही. ज्यांच्या दोन-दोन पिढ्या ऊसतोडीत, वीटभट्टीवर आणि रेल्वेच्या यार्डात राबण्यात गेल्या, त्यांच्यासाठी कॉलेजच्या दारापर्यंत पोहोचणे हीच मोठी लढाई होती. परंतु दारातून आत गेल्यावर त्या मुलाने नेमके काय शिकायचे, हे कोण ठरवते? हा प्रश्न आपल्या चळवळीत फारसा कोणी विचारत नाही. तो विचारण्याची वेळ आता आली आहे, नव्हे, थोडा उशीरच झाला आहे.

आधी नवीन रचना काय आहे ते समजून घेऊ. केंद्र सरकारचे राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२० साली जाहीर झाले. महाराष्ट्रात ते स्वायत्त महाविद्यालयांत २०२३-२४ पासून आणि विद्यापीठांशी संलग्न महाविद्यालयांत २०२४-२५ पासून लागू झाले. शिरूर, तळेगाव ढमढेरे, दौंड, केडगाव येथे बी.ए.च्या पहिल्या वर्गात बसणारी आपली मुले आता याच रचनेत शिकतात. एकेकाळी ठरलेले विषय असत आणि वर्षाच्या शेवटी एक परीक्षा असे. आता वर्षाची दोन सत्रे आहेत. प्रत्येक सत्रात २० ते २२ श्रेयांक, म्हणजे क्रेडिट, मिळवायचे आहेत. एका श्रेयांकासाठी साधारण १५ तासांचे अध्यापन धरले जाते. तीन वर्षांच्या पदवीसाठी किमान १२० श्रेयांक लागतात.

पहिल्या वर्षीच्या फॉर्मवर मूळ तीन विषय असतात. त्याशिवाय दुसऱ्या विद्याशाखेतून घ्यायचा खुला वैकल्पिक विषय, कौशल्याचा विषय, भाषेचा विषय, मूल्यशिक्षणाचा विषय, भारतीय ज्ञान प्रणाली, अशी मोठी रांगच लागलेली असते. त्या मूळ तीन विषयांतूनच दुसऱ्या वर्षी एक मुख्य आणि एक गौण विषय ठरतो. कॉलेजात मेजर आणि मायनर म्हणतात ते हेच. म्हणजे अठरा वर्षांच्या पोराने पहिल्या वर्षी ज्या तीन चौकोनांत खूण केली, त्यांच्यावर त्याचे पुढचे एम.ए., बी.एड., नेट-सेट, प्राध्यापकी हे सारे अवलंबून असते. हे त्याला खूण करताना कोणी सांगितलेले असते काय?

दौंड तालुक्यातील एक मुलगी शिष्यवृत्तीच्या कामासाठी आमच्याकडे आली होती. पहिले सत्र संपत आले होते. पुढच्या सत्राला कोणते विषय घेतेस, असे आम्ही सहज विचारले. ती म्हणाली, “वकील काका, विषय काय आपण निवडायचे असतात व्हय? ग्रुपवर यादी आली, मैत्रिणीनं भरलं तेच मी भरलं.” मैत्रिणीने तरी तेच का भरले? तर त्या विषयांचे तास दुपारच्या एस.टी.च्या आधी संपत होते. मुलगी हुशार आहे. बारावीला अर्थशास्त्रात तिला उत्तम गुण होते. स्पर्धा परीक्षा द्यायची तिची इच्छा आहे. आणि तिच्या तीन विषयांत अर्थशास्त्रच नव्हते!

ही एका मुलीची किंवा एका कॉलेजची गोष्ट असती, तर आम्ही हा लेख लिहिला नसता. शिरूर आणि दौंड या दोन तालुक्यांत फिरताना हेच चित्र पुन्हा पुन्हा समोर येते. फॉर्म मुलाच्या नावाचा असतो, पण तो भरते एस.टी.चे वेळापत्रक. तो भरते प्राध्यापकांची रिकामी जागा, कारण ज्या विषयाला शिकवणारा आहे तोच विषय यादीत राहतो. तासिका तत्त्वावर आलेले प्राध्यापक पुढच्या सत्रात असतील की नाही, हे त्यांनाही ठाऊक नसते. राहिलेला फॉर्म सायबर कॅफेवाला भरतो, कारण शेवटची तारीख असते आणि रांगेत मागे वीस पोरे उभी असतात. शहरातल्या शिकलेल्या घरात मुलगा फॉर्म घेऊन बसला की शेजारी प्राध्यापक मामा असतो, बँकेतली आत्या असते, फोनवर अमेरिकेतला चुलतभाऊ असतो. आपल्या पोराच्या शेजारी कोण असते? कोणीच नाही. निवडीचा हक्क दोघांना सारखाच दिला, असे धोरण म्हणते. पण माहिती एकालाच असेल तर तो हक्क दुसऱ्याच्या हातात नुसता कागद म्हणून राहतो.

विषय कोणी निवडायचा, हा प्रश्न आपल्याला नवा नाही. बाबासाहेबांच्या विद्यार्थीदशेतच तो उभा राहिला होता. एल्फिन्स्टन हायस्कूलमध्ये शिकताना त्यांना संस्कृत हा विषय घ्यायचा होता. अस्पृश्याच्या मुलाला संस्कृत शिकवणार नाही, अशी शिक्षकाची भूमिका होती. म्हणून त्यांना फारसी घ्यावी लागली. १९०७ साली ते मॅट्रिक झाले ते अशा परिस्थितीत. पुढे संस्कृत त्यांनी स्वतःच्या मेहनतीने शिकून घेतले, ही गोष्ट आपण अभिमानाने सांगतो. पण त्या आधीची गोष्टही तितकीच महत्त्वाची आहे. विषयाचे दार बंद करणे म्हणजे ज्ञानाचे दार बंद करणे, हे त्या शिक्षकाला चांगले कळत होते. आज तसे तोंडावर कोणी म्हणत नाही. आज नुसते सांगत नाहीत, एवढेच! परिणाम मात्र जवळपास तोच होतो.

आता दुसरे चित्र पाहा. बडोदा संस्थानची शिष्यवृत्ती घेऊन १९१३ साली बाबासाहेब न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात गेले. तेथे त्यांना मोकळीक मिळाली. विषय निवडायला कोणी आडवे आले नाही. त्या काळात त्यांनी घेतलेल्या अभ्यासक्रमांची नोंद उपलब्ध आहे. अर्थशास्त्राचे २९, इतिहासाचे ११, समाजशास्त्राचे ६, तत्त्वज्ञानाचे ५, मानववंशशास्त्राचे ४, राज्यशास्त्राचे ३, आणि प्राथमिक फ्रेंच व जर्मन यांचा प्रत्येकी एक. एकूण साठ! ही यादी आपल्या प्रत्येक विद्यार्थ्याने वहीत लिहून ठेवावी अशी आहे. कारण तिच्यात विषय निवडण्याची एक रीत दिसते.

ती रीत कोणती? मुख्य विषय एकच, आणि तो खोलवर. अर्थशास्त्र. त्याच्याच बळावर पुढे १९२३ साली रुपयाच्या प्रश्नावरचा आणि १९२५ साली प्रांतिक अर्थव्यवस्थेवरचा ग्रंथ आला. पण बाबासाहेब तेवढ्यावर थांबले नाहीत. मानववंशशास्त्राचे अवघे चार अभ्यासक्रम त्यांनी घेतले, आणि त्याच विषयाच्या डॉ. गोल्डनवायझर यांच्या परिसंवादात ९ मे १९१६ रोजी भारतातील जातींवरचा आपला निबंध वाचला. जातिव्यवस्थेची उकल करणारा हा पहिला निबंध, आजच्या भाषेत बोलायचे तर, ‘गौण’ विषयातून जन्माला आला. तत्त्वज्ञानात त्यांना जॉन ड्यूई हे गुरू लाभले. ड्यूईंच्या विचारांचा ठसा १९३६ च्या ‘जातिनिर्मूलना’वर दिसतो. तेव्हा जे विद्यार्थी दोन श्रेयांकांचा विषय म्हणून काहीही भरून मोकळे होतात, त्यांना आमचे सांगणे आहे, दोन श्रेयांकांच्या विषयालाही फुकट घालवू नका.

अर्थात शिरूरला कोलंबिया नाही, हे आम्हालाही कळते. साठ अभ्यासक्रम सोडा, सहा चांगले पर्याय मिळाले तरी पुष्कळ झाले. पण जे आहे त्यातून कसे निवडायचे, याचा विचार करता येतो. आमच्या मते पहिल्या वर्षाच्या विद्यार्थ्याने फॉर्म भरण्याआधी पुढील गोष्टी पाहिल्या पाहिजेत.

पहिली गोष्ट, हा विषय पुढे कोणते दार उघडतो आणि कोणते बंद करतो? राज्यसेवेच्या परीक्षेला कोणत्याही शाखेची पदवी चालते. तीन वर्षांच्या एल.एल.बी.लाही कोणतीही पदवी चालते. खुल्या प्रवर्गाला ४५ टक्के आणि अनुसूचित जाती-जमातींना ४० टक्के गुण लागतात, शिवाय राज्याची प्रवेश परीक्षा द्यावी लागते. येथे विषयाचे बंधन नाही. पण ज्याला शाळेत इंग्रजी शिकवायचे आहे, त्याच्या पदवीत इंग्रजी हवे. ज्याला अर्थशास्त्राचा प्राध्यापक व्हायचे आहे, त्याने अर्थशास्त्र पहिल्याच वर्षी तीन विषयांत ठेवले पाहिजे. राज्यसेवेच्या मुख्य परीक्षेतही २०२५ पासून वर्णनात्मक पद्धत आणि वैकल्पिक विषय आला आहे. तेथे उत्तर स्वतःच्या वाक्यांत लिहावे लागते. म्हणून ज्या विषयात लिहायला लावतात, वाचायला लावतात, तो विषय अवघड वाटला तरी टाळू नये. सोपा पेपर आणि पास होण्याची खात्री या दोन गोष्टींवर विषय निवडणारा मुलगा तीन वर्षांनी पदवी घेतो, पण हातात काही नसते.

दुसरी गोष्ट खुल्या वैकल्पिक विषयाची. हा विषय दुसऱ्या विद्याशाखेतून घ्यायचा असतो. बहुतेक मुले याला ओझे समजतात. वास्तविक हीच संधी आहे. कला शाखेच्या मुलाला वाणिज्य शाखेतले हिशेब, बँक व्यवहार, विज्ञान शाखेतले संख्याशास्त्र किंवा संगणक यांची तोंडओळख येथे होऊ शकते. महात्मा फुल्यांनी १८८२ साली हंटर आयोगापुढे निवेदन दिले, तेव्हा त्यांनी शाळेत मोडी-बाळबोध वाचन-लेखनाबरोबर हिशेब, इतिहास, भूगोल, शेतीचे प्राथमिक ज्ञान आणि आरोग्य यांची मागणी केली होती. खेड्यातल्या शूद्रातिशूद्रांच्या पोराला सावकाराचा कागद वाचता आला पाहिजे, ही त्यामागची दृष्टी होती. आजचा कागद कर्जाचा आहे, विम्याचा आहे, कंत्राटाचा आहे. तो वाचता येणारा पदवीधर आपल्या प्रत्येक वस्तीला हवा आहे.

तिसरी गोष्ट कौशल्याच्या विषयाची. कौशल्याला आमचा विरोध नाही. ज्या समाजाने हजारो वर्षे हाताने काम केले, त्याला कौशल्याचे महत्त्व कोणी शिकवण्याची गरज नाही. परंतु कौशल्य आपल्या पोराला आणि अर्थशास्त्र दुसऱ्याच्या पोराला, अशी वाटणी होत असेल तर ती वाटणी जुनीच आहे. रांजणगाव आणि कुरकुंभच्या एम.आय.डी.सी.त कंत्राटी कामगार म्हणून उभे राहणे एवढेच आपल्या पदवीधराचे भवितव्य असू नये. त्याच कारखान्यात कामगार कायदा जाणणारा, हिशेब तपासणारा, प्रदूषणाचा अहवाल वाचणारा माणूसही आपला असला पाहिजे.

चौथी गोष्ट भारतीय ज्ञान प्रणालीची. हा दोन श्रेयांकांचा विषय टाळता येत नाही. मग ज्ञान कोणाचे, हा प्रश्न तरी विचारा! नालंदा ही भारतीय ज्ञानपरंपरा नाही काय? आपल्याच जिल्ह्यात जुन्नरला बौद्ध लेण्यांचे प्रचंड समूह आहेत. तेथील शिलालेखांत धान्याचे व्यापारी, बांबूकाम करणारे, कासार यांच्या श्रेणींची नोंद आहे. कष्टकऱ्यांच्या संघटना दोन हजार वर्षांपूर्वी दानधर्म करीत होत्या, हे दगडावर कोरलेले आहे. या विषयात किंवा पुढच्या क्षेत्रप्रकल्पात आपल्या मुलांनी हा अभ्यास मागून घ्यावा. विषय सक्तीचा असला तरी त्यातला प्रकल्प कशावर करायचा, हे शिक्षकाशी बोलून ठरवता येते.

पाचवी गोष्ट सर्वांत गंभीर आहे. नवीन रचनेत एक वर्षानंतर बाहेर पडायची सोय आहे. पहिल्या वर्षाचे ४० ते ४४ श्रेयांक आणि वरचे ४ श्रेयांक पूर्ण केले की प्रमाणपत्र मिळते. दोन वर्षांनी पदविका, तीन वर्षांनी पदवी, चार वर्षांनी ऑनर्स. बाहेर पडलेल्याला तीन वर्षांच्या आत परत येता येते आणि एकूण सात वर्षांत पदवी पूर्ण करता येते. श्रेयांक बँकेत जमा राहतात. ऐकायला हे सर्व छान आहे. पण या बाहेरच्या दाराने कोण बाहेर पडणार? डॉक्टरचा मुलगा? कारखानदाराची मुलगी? ज्या घरात बापाचे मजुरीचे काम सुटले, ज्या घरात मुलीच्या लग्नाची घाई आहे, त्याच घरातले मूल बाहेर पडणार. पूर्वी शिक्षण सुटले की त्याला गळती म्हणत. आता तिच्या हातात प्रमाणपत्र दिले की सरकारी कागदावर ती गळती दिसेनाशी होईल. म्हणून आम्ही आई-वडिलांना स्पष्ट सांगतो, एक वर्षाचे प्रमाणपत्र म्हणजे पदवी नव्हे. त्यावर राज्यसेवेचा अर्ज भरता येत नाही, एल.एल.बी.ला प्रवेश मिळत नाही. खरोखरच घरावर संकट आले तर परत येण्याची तारीख लिहून ठेवा आणि परत या.

शिष्यवृत्तीबद्दलही सावध राहिले पाहिजे. मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्ती १९४४ साली सुरू झाली. बाबासाहेब तेव्हा व्हाईसरॉयच्या मंत्रिमंडळात होते. या योजनेच्या नियमावलीत वर्षानुवर्षे असे कलम राहिले आहे की, पूर्वपरवानगीशिवाय विषय किंवा संस्था बदलली तर शिष्यवृत्ती रद्द होऊ शकते. एक पातळी पूर्ण करून त्याच पातळीवर दुसरा अभ्यासक्रम घेणाऱ्यालाही ती मिळत नाही. म्हणून पुढच्या सत्रात शाखा, विषय किंवा कॉलेज बदलायचे असेल, तर आधी महाविद्यालयाला आणि समाजकल्याण कार्यालयाला लेखी विचारा. तोंडी उत्तरावर विसंबू नका. लेखी उत्तर जपून ठेवा.

आणि कोणी ऐकूनच घेतले नाही तर? यादीत विषय आहे पण शिकवायला कोणी नाही, न मागितलेला विषय नावावर चढवला, माहितीपुस्तिकाच दिली नाही, अशा वेळी विद्यार्थ्याने गप्प बसण्याचे कारण नाही. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०२३ च्या नियमांप्रमाणे प्रत्येक संस्थेत विद्यार्थी तक्रार निवारण समिती असलीच पाहिजे. त्या समितीत महिलांचे आणि अनुसूचित जाती, जमाती किंवा इतर मागासवर्गाचे प्रतिनिधित्व असले पाहिजे. समितीने न्याय दिला नाही तर विद्यापीठाच्या लोकपालाकडे अपील करता येते. अनुदानित संस्थेकडून माहिती घेण्यासाठी २००५ चा माहिती अधिकार कायदाही आहे. आम्ही वकील म्हणून सांगतो, एक साधा, सभ्य, तारीख घातलेला अर्ज पुष्कळदा मोर्चापेक्षा लवकर काम करतो. त्या अर्जाची पोच मात्र घेतली पाहिजे.

आता चळवळीने काय करायचे? कोरेगाव भीमा हे गाव शिरूर तालुक्यातले. ३१ डिसेंबर १८१७ च्या रात्री जी तुकडी शिरूरहून निघाली, तिने दुसऱ्या दिवशी भीमेकाठी इतिहास घडवला. १ जानेवारी १९२७ ला बाबासाहेब विजयस्तंभाला अभिवादन करायला आले. तेव्हापासून आपण तेथे जातो आणि जात राहू. पण कॉलेजचे दुसरे सत्र साधारण याच सुमारास सुरू होते, हे आपल्यापैकी किती जणांच्या ध्यानात आहे? स्तंभाला अभिवादन करून परतणाऱ्या पोराच्या खिशातल्या मोबाईलमध्ये विषयनिवडीची लिंक आलेली असते, आणि तिच्याबद्दल त्याच्याशी कोणी अवाक्षर काढत नाही.

हे काम अवघड नाही. शिरूर आणि दौंड शहरांत, केडगाव, पाटस, शिक्रापूर, न्हावरे अशा मोठ्या गावांत आपले शिक्षक आहेत, बँक कर्मचारी आहेत, रेल्वेतले अधिकारी आहेत, वकील आहेत. प्रत्येक सत्राच्या आधीचे दोन रविवार त्यांनी समाजमंदिरात एक टेबल मांडून बसावे. विद्यापीठाच्या संकेतस्थळावरचा अभ्यासक्रम छापून ठेवावा. मुलाला आधी विचारावे, तुला काय व्हायचे आहे? मग फॉर्म त्याच्यासमोर ठेवावा. खूण मात्र त्यालाच करू द्यावी. बापाने, भावाने किंवा कार्यकर्त्याने त्याच्या वतीने भरलेला फॉर्म हाही दुसऱ्यानेच भरलेला फॉर्म असतो. मुलींच्या बाबतीत हे विशेष पाळले पाहिजे. एस.टी.च्या वेळेमुळे विषय सोडावा लागत असेल, तर मुलीने विषय सोडायच्या आधी पाच जणांनी आगार व्यवस्थापकाला गाडीची वेळ बदलण्यासाठी निवेदन द्यावे.

ज्या मुलीचा उल्लेख आम्ही वर केला, तिच्यासाठी आम्ही कॉलेजला विषय बदलण्याबाबत लेखी विचारणा करणारा अर्ज तयार करून दिला. खाली सही तिची आहे. असे अर्ज या दोन तालुक्यांतून शेकड्यांनी गेले पाहिजेत. येत्या सत्राची यादी लागेल तेव्हा आपल्या गल्लीतल्या पहिल्या वर्षाच्या प्रत्येक मुला-मुलीला शिकल्या-सवरलेल्या कोणीतरी विचारलेच पाहिजे, “बाळा, विषय कोणते घेतलेस, आणि का घेतलेस?”